सोसायटीचं क्लबहाऊस नव्याने करताय? सोफा सगळ्यात शेवटी

आमचं क्लबहाऊस बारा वर्षांचं झालं तेव्हा आत काय काय होतं ते सांगते. २०१८ च्या बंदीआधीचं थर्माकोलचं मखर, दोन बंद ट्रेडमिल, बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमधून आलेला रेक्झिनचा सोफा ज्याचं पोट फाटून फोम बाहेर आलेला, कुणाची तरी तीनचाकी सायकल आणि मधोमध टीटी (टेबल टेनिस) टेबल, त्यावर रंगाचे रिकामे डबे. सिंहगड रोडवरची साधी १४४ फ्लॅटची सोसायटी आमची, दर महिन्याला मेंटेनन्समधून या हॉलच्या सफाईचे पैसे जातायत आणि आत जातं कोण, तर फक्त झाडूवाल्या मावशी. मग एका एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, कुणीतरी म्हणालं, क्लबहाऊस जुनाट दिसतं म्हणून कोणी फिरकत नाही, मस्त इंटिरियर करून घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम माझ्यासकट तिघांच्या गळ्यात पडलं.

मी आर्किटेक्ट नाही. पण वर्षभर या कामाच्या मागे फिरून माझं पक्कं मत झालंय की क्लबहाऊस जुनं दिसतं म्हणून ओस पडत नाही, ते ओस पडतं कुलूप, ओल, आवाज आणि अडगळ या चौघांमुळे, आणि डिझायनर पहिल्या मीटिंगला लॅपटॉपवर जे थ्रीडी चित्र दाखवतो त्यात या चौघांपैकी एकही दिसत नाही. त्यामुळे खालचा क्रम तुम्हाला जरा उलटा वाटेल. तसाच ठेवलाय.

एक खुलासा आधीच. पुण्यात 'अॅमेनिटी स्पेस' म्हटलं की बऱ्याच जणांना महापालिकेला द्यायचा तो मोठ्या लेआउटमधला भूखंड आठवतो. तो विषय पूर्ण वेगळा. मी बोलतेय ते सोसायटीच्या आतल्या हॉल, जिम, लायब्ररी, लहान मुलांची खोली यांच्याबद्दल.

आधी दोन आठवडे नुसतं बघा

सगळ्या सोसायट्या गूगल फॉर्म काढतात. काढू नका असं नाही म्हणत, पण त्यावर भरवसा ठेवू नका. फॉर्ममध्ये माणूस सगळ्यावर टिक करतो, होम थिएटर पाहिजे, योगा रूम पाहिजे, को-वर्किंग पाहिजे, फुकटात काय जातंय. आमच्याकडे ४१ जणांना लायब्ररी हवी होती, त्यातल्या किती जणांनी गेल्या वर्षात पुस्तक उघडलं असेल देव जाणे.

त्यापेक्षा वॉचमन काकांकडचं चावीचं रजिस्टर उघडा. आम्ही सहा महिन्यांचं पाहिलं तर चावी नेणारी माणसं फिरून फिरून तीच पाच. मग दोन आठवडे आळीपाळीने दिवसातून चारदा हॉलवर आणि हॉलच्या आजूबाजूला चक्कर मारली आणि वहीत लिहून काढलं की लोक आत्ता नक्की कुठे बसतात. खरी माहिती तिथे निघाली. सकाळचा योगाचा ग्रुप हॉल सोडून पार्किंगमध्ये सतरंज्या टाकत होता कारण हॉलमध्ये शिकवणाऱ्या ताईंचं बोलणं घुमून काहीच कळायचं नाही. आजोबा मंडळी संध्याकाळी हॉलबाहेरच्या पायरीवर बसायची, आत का नाही विचारलं तर एक आजोबा म्हणाले, "अगं त्या सोफ्यात बसलं की उठवायला माणूस लागतो." मुलं टीटी खेळत नव्हती कारण बॉल स्टेजखाली गेला की परत येत नव्हता. यातली एकही गोष्ट फॉर्ममध्ये आली नसती.

वहीवरून तासांचा तक्ता करा. आमचा साधारण असा निघाला: सहा ते आठ योगा, दुपारभर शुकशुकाट (वर्क फ्रॉम होमवाले दोघंतिघं सोडून), चार ते सहा ज्येष्ठ, पाच ते आठ पोरं, शनिवार-रविवार वाढदिवस, आणि गणपतीचे दहा दिवस सगळंच. म्हणजे पाच ते सहा या एका तासात आजोबा आणि पोरं एकाच खोलीत, भांडण तिथलं होतं. एकदा हा तक्ता हातात आला की कुठे पार्टिशन हवं आणि कुठलं फर्निचर हलतं हवं हे आपोआप ठरतं.

कागद आणि पैसा

हे कंटाळवाणं आहे म्हणून पटकन उरकते, पण वगळू नका.

मंजूर नकाशाची कॉपी काढा. फरशी, प्लास्टर, रंग, फर्निचर असल्या कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही, पण भिंत पाडणं, टेरेस झाकून जिम करणं, पार्किंग बंदिस्त करणं हे वेगळं प्रकरण आहे, तिथे आर्किटेक्टशिवाय हात घालू नका. रेफ्युज एरियाला तर हातच लावायचा नाही, आगीच्या वेळी लोकांनी थांबायची जागा आहे ती, तिथे कॅरम बोर्डसुद्धा नको. इमारत मायवान पद्धतीची असेल तर भिंती काँक्रीटच्याच असतात, त्यात वायरसाठी झिरी मारू देऊ नका, वरून केसिंग-पट्टी घ्या.

इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर थांबा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेले बांधकामातले दोष बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात. गळती तुमच्या पैशाने बुजवलीत की मग तो म्हणणार, तुम्हीच छेडछाड केलीत.

पैशाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज सिंकिंग फंडाचा. तो हात लावायला मोकळा नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) तो पुनर्बांधणी, इमारत मजबूत करायची कामं आणि आर्किटेक्टने दाखला दिलेल्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी आहे आणि त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव, शिवाय सहकार खात्याच्या निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. क्लबहाऊसच्या सोफ्याला तो वापरायचा म्हणाल तर ऑडिटर धरेल. दुरुस्ती देखभाल निधी किंवा सभेत मंजूर करून घेतलेली वेगळी वर्गणी, हे सरळ मार्ग. विशेष सभेला पूर्ण पाच दिवसांची नोटीस, वार्षिक सभेला चौदा दिवसांची, आणि विषयपत्रिकेत रक्कम स्पष्ट लिहा, 'क्लबहाऊसबाबत चर्चा' असं मोघम लिहून लाखोंचा ठराव केलात तर पुढे कोणीतरी उकरून काढतोच. कोटेशनवर जीएसटी १८ टक्के धरलाय का ते बघा, आमच्या एका कोटेशनमध्ये तो शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'एक्स्ट्रा' म्हणून होता. ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या बिलावर टीडीएस सोसायटीनेच कापायचा असतो, कंत्राटदार एकटा माणूस असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. ट्रेझररला हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा.

ओल: इथे घाई केली तर सगळं पाण्यात, शब्दशः

आमच्या हॉलच्या डोक्यावर पोडियम गार्डन. बऱ्याच नव्या सोसायट्यांत असंच असतं, वर माती, झाडं, स्प्रिंकलर आणि खाली क्लबहाऊस. छताच्या एका कोपऱ्यात पिवळा डाग होता, आधीच्या कमिटीने त्यावर तीनदा रंग मारला होता आणि तीनदा पोपडे निघाले होते.

पुण्यात याचं एक साधं वेळापत्रक आहे. तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गळतंय तेव्हा. आतलं काम पाऊस संपून भिंती वाळल्यावर, दिवाळीनंतर ते मे अखेर. लोक नेमकं उलटं करतात, 'गणपतीच्या आधी झालं पाहिजे' म्हणून जून-जुलैत पुट्टी चढवतात आणि नवरात्रात पोपडे सोलतात.

तपासणी कशी करायची? एक तर नाण्याने फरशी आणि प्लास्टर ठोकत जा. भरीव जागी टक असा आवाज येतो, पोकळ जागी ढब. ढब आलं की खडूने गोल करा. आम्ही एका रविवारी तीन पोरांना पाच-पाच रुपयांची नाणी देऊन कामाला लावलं, दीड तासात अख्ख्या हॉलवर ६० च्या वर गोल झाले आणि नुसतं 'वरचेवर पॉलिश करू' म्हणणारा सेक्रेटरी गप्प बसला. दुसरं, संशयित भिंतीवर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चोवीस तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव साचलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला साचलं तर हवेतला दमटपणा आहे आणि तुम्हाला फक्त एक्झॉस्ट फॅन हवाय. या दहा रुपयांच्या टेस्टने आमचं एका भिंतीचं वॉटरप्रूफिंग वाचलं.

वरून वॉटरप्रूफिंग केलंत, कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) असो की मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर), की पाणी कोंडून निदान ४८ तास ठेवायचं आणि खालून छताचा फोटो रोज काढायचा. पाणी भरलं की लगेच एखाद्या पाइपवर किंवा भिंतीवर पातळीची खूण करा, नाहीतर "उन्हाने आटलं हो मॅडम" ऐकावं लागतं. ही टेस्ट झाल्याशिवाय फॉल्स सीलिंगवाल्याला गेटच्या आत घेऊ नका. फॉल्स सीलिंग गळती लपवतं, आणि लपलेली गळती खाली येते तेव्हा जिप्समचा अख्खा बोर्ड घेऊन येते.

याच टप्प्यात वायरिंग. जुना बोर्ड उघडून बघा, आमच्याकडे अख्ख्या हॉलला एकच एमसीबी होता. जिम, पँट्री, हॉल यांचे सर्किट वेगळे, पँट्री-टॉयलेटच्या सर्किटवर ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि एसी वाढवणार असाल तर कॉमन मीटरचा मंजूर लोड आधी महावितरणच्या बिलावर बघा. स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टर सीलिंगच्या वर गाडले जाणार नाहीत ना हेही आत्ताच, कारण जानेवारी आणि जुलैमध्ये फायरवाल्या लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घ्यावा लागतो आणि गाडलेलं डिटेक्टर तिथे अडकतं.

खडू, वर्तमानपत्र आणि टीटी टेबल

लेआउट कागदावर मंजूर करू नका, जमिनीवर करा. टीटी टेबल नऊ बाय पाच फूट असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मारणारा मागे कुठे जाणार? दोन्ही टोकांना निदान सहा-सहा फूट आणि बाजूला तीन-तीन सोडले तर २१ बाय ११ ची जागा लागते. डिझायनरच्या ड्रॉइंगमध्ये टेबल व्यवस्थित बसत होतं, आम्ही खडूने आखलं तर मागच्या खेळाडूची पाठ लायब्ररीच्या कपाटाला. वर्तमानपत्रं सोफ्याच्या मापाची अंथरली तर दारच उघडेना.

आणि सगळ्यात आधी स्टोअरची जागा कापून घ्या. हे वाक्य दोनदा वाचा. कुणाच्याच थ्रीडीमध्ये स्टोअर नसतं, पण गणपतीचं सामान, माईक, ५० खुर्च्या, सतरंज्या, योगा मॅट हे कुठेतरी जाणारच आहे, आणि जागा दिली नाही तर ते नव्या हॉलच्या कोपऱ्यात येऊन बसणार. आम्ही हॉलची एक आखूड बाजू पूर्ण कपाट केली, तीन फूट खोल, दारं लॅमिनेटची, भिंतीसारखीच दिसतात. स्टेज काढून टाकला. टीटीचा बॉल आता कुठेच जात नाही.

दारात तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच. रॅम्पचा उतार १ ला १२ लागतो, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबी. आमचा कंत्राटदार सहा फुटांत बसवतो म्हणाला होता. त्या उतारावर व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागली असती आणि उतरवायला नशीब. आम्ही रॅम्प बाजूच्या भिंतीला लागून वळवला, एक कुंड्यांचा वाफा गेला, त्यावरून आठवडाभर व्हॉट्सअॅपवर महाभारत झालं.

आवाज

टाळी वाजवा. रिकाम्या हॉलमध्ये मध्यभागी उभं राहून एक जोरात टाळी, आणि ती किती वेळ रेंगाळते ते ऐका. आमच्याकडे ती भिंतीभिंतीतून झणझणत फिरायची. कारण सोपं आहे, खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर गुळगुळीत छत, समोरासमोर दोन सपाट भिंती आणि एका बाजूला काच, आवाज शोषणारं काहीच नाही, सगळं परत फेकणारं. आणि इंटिरियरवाले आणखी चकचकीत फरशी आणि आणखी काच सुचवतात!

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. खोलीत घुमणारा आवाज कमी करणं हे एक, आणि खोलीतला आवाज वरच्या फ्लॅटमध्ये जाऊ न देणं हे दुसरं. भिंतीला फोम किंवा फेल्टचे पॅनेल लावल्याने पहिलं होतं, दुसरं जवळजवळ होत नाही. दुसऱ्यासाठी जड आणि फटी नसलेली गोष्ट लागते, चांगलं बसणारं जाड दार, दाराखालची फट बंद करणारी पट्टी, डबल काच. त्यामुळे हॉलवरच्या मजल्यावरच्या काकूंना 'पॅनेल लावले की त्रास बंद' असं वचन देऊन बसू नका, त्यांच्यासाठी रात्री दहाचा नियमच कामाचा, तो कायद्यातही आहेच.

पॅनेल छताला लावा असं मी म्हणेन. भिंतीवरचे खाली असले की पोरं त्यात पेन खुपसतात. आम्ही छताला फेल्टच्या पट्ट्या टांगल्या, खिडक्यांना जाड कापडाचे पडदे, आणि एका भिंतीला उघडी पुस्तकांची रॅक, पुस्तकंही आवाज मोडतात. म्हणजे त्या ४१ जणांच्या लायब्ररीचा असा तरी उपयोग झाला.

मटेरियल, थोडक्यात

प्लाय घेताना ओल येऊ शकते तिथे आयएस ७१० चा शिक्का असलेलाच, बाकी ठिकाणी साधा चालतो. शिक्का शीटवर दिसला पाहिजे, बिलावर नुसतं 'मरीन' लिहिलेलं पुरत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला एक चक्कर स्वतः मारून या, भाव कळतो आणि कंत्राटदारालाही कळतं की तुम्ही जाऊन आलात. दिव्यांसाठी तपकीर गल्ली, पण वॉरंटीचं बिल मागा. हॉलला ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, जिम आणि वाचायच्या टेबलावर ४०००. सहा हजारवाला पांढराफटक लावलात की क्लबहाऊसचा दवाखाना होतो. प्रत्येक भागाचा स्विच वेगळा, नाहीतर एका माणसाच्या पेपरवाचनासाठी २४ दिवे जळतात.

जिमला वजनं उचलतात तिथे २० मिलिमीटरचं रबर, ट्रेडमिलखाली ८-१० चालतं. भिंतीला चार फुटांपर्यंत धुता येईल असं काहीतरी, मुलांचे हात तिथपर्यंतच पोचतात. आजोबांसाठी हाताच्या, जरा उंच, घट्ट बैठकीच्या खुर्च्या. सोफा? शेवटी उरलेल्या पैशात एक घेतला.

कंत्राटदार

तिघांकडून कोटेशन मागवताना तिघांना एकच यादी द्या, आयटम, माप, ब्रँड, जाडी सगळं लिहून. आम्ही पहिल्यांदा नुसतं 'हॉल बघून सांगा' म्हणालो आणि तीन कोटेशनं अशी आली की आंबे, पेरू आणि नारळ. रंगकाम मोजमापाप्रमाणे, ठरलेल्या दराने, लमसम (एकगठ्ठा रक्कम) नको.

आगाऊ रक्कम १०-१५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका, बाकी काम झालेल्या टप्प्याप्रमाणे, आणि शेवटचे पाच ते दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत सोसायटीकडे. आम्ही हे शिकलो ते ठेच लागून. पहिल्या सुतारकाम करणाऱ्याला भिडेखातर निम्मे पैसे आधी दिले, त्याची माणसं दिवाळी-छठला गावी गेली ती गेलीच, आणि सहा आठवडे आमच्या हॉलमध्ये दार नसलेली कपाटं. सुट्ट्यांचं कॅलेंडर करारातच घाला. रंगाचा नमुना भिंतीवर तीन बाय तीन फूट मारून सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघा, शेडकार्डावरचा 'क्रीम' रात्री फिकट हिरवा दिसू शकतो.

तोडफोड फक्त दहा ते पाच, रविवारी बंद. राडारोड्याचं कोण करणार हे करारात लिहा, नाहीतर टेम्पोवाला रात्री नदीकाठी ओतून येतो आणि दंडाची नोटीस सोसायटीच्या नावाने. वाघोलीला राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, तिथे गेल्याची पावती बिलाबरोबर मागा.

कुलूप

काम झालं, उद्घाटन झालं, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी दाराला नवं कुलूप लावलं. खराब होईल म्हणून! यावर खरं तर सभेत आधीच ठराव करून घ्यायला हवा होता. आता सकाळी सहा ते रात्री दहा दार उघडं, जिमला कार्ड, वाढदिवसाला बुकिंग आणि डिपॉझिट, डिपॉझिट परत द्यायचं तर कार्यक्रमाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो मावशी काढतात. सोफ्याला तीन महिन्यांत सॉसचा डाग पडला. पडणारच.

शेवटचं काम, जे कोणीच करत नाही: दहा-बारा जादा फरश्या, रंगाचे कोड, लॅमिनेटचा नंबर, वायरिंगचे सीलिंग बंद करण्याआधी काढलेले फोटो छापून, सगळ्या वॉरंटी, हे एका खोक्यात घालून त्यावर तारीख टाका. आमचं खोकं स्टोअरच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे, थर्माकोलच्या मखराशेजारी. मखर टाकायला अजून कोणी तयार नाही.